वसुलीवाल्याचा फोन आणि सी.ओ.ची भीती

दुर्गम पोस्टवरही नेटवर्क आलं की घरच्या खुशालीबरोबर कर्जवसुली एजंटांचे फोन येतात. वेगवेगळ्या पोस्टिंगवर जवानांकडून ऐकलेली धमकी साधारण एकच असते : 'तुझ्या सी.ओ.ला कळवतो. अटक होईल, नोकरी जाईल.'

आम्हा अधिकाऱ्यांना लष्करी कायदा परीक्षेसाठी वाचावा लागतो. जवानाला त्यातली शिक्षेची कलमं पाठ असतात, संरक्षणाची क्वचितच कोणी सांगतं.

आर्मी ॲक्ट, १९५० चं कलम २८ सांगतं की दिवाणी किंवा महसुली न्यायालयाच्या हुकमाने जवानाचे पगार-भत्ते कर्जापोटी जप्त करता येत नाहीत. कलम २९ नुसार तो सैन्यात असेपर्यंत निव्वळ कर्जासाठी ही न्यायालयं त्याला अटक करवू शकत नाहीत. तरीही अटक झालीच, तर तिच्याविरुद्ध तक्रार जवान स्वतः करू शकतो किंवा त्याचा वरिष्ठ अधिकारी. म्हणजे एजंट ज्या साहेबाची भीती घालतो, त्याला कायद्याने जवानाच्या बाजूने उभं केलं आहे.

अडचण अशी, की हा कायदा कोर्टाच्या बेलिफापुरता आहे. आजचा एजंट कोर्टाची पायरी चढत नाही. तो गावी आईला, बायकोला, मेहुण्याला फोन करतो. इथे रिझर्व्ह बँकेचे नियम कामाला येतात. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार थकीत कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला मनाई आहे. धमकावणं, चारचौघांत अपमान करणं, नातेवाइकांना त्रास देणं यालाही मनाई आहे. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधली संपर्कयादी उघडायची नाही, हेही त्याच वर्षी ठरलं. तक्रार आधी बँकेकडे लेखी करायची. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे फी नाही. धमकी असेल तर थेट पोलिसांत जावं, रेकॉर्डिंग जपून ठेवावं.

कर्ज बुडवा, असं मी म्हणत नाही. घेतलेला पैसा फेडायचाच. या कलमांनी कर्ज माफ होत नाही, आणि कर्ज फार वाढलं तर युनिटने विचारणा करणं योग्यच आहे. पण विचारणा आणि झापणं यात फरक आहे. कर्जाचं नाव काढताच साहेब चिडणार असतील, तर जवान ते लपवणार, एक हप्ता फेडायला दुसऱ्या ॲपकडून पैसे उचलणार आणि एजंटची धमकी आणखी चालणार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : सैनिक संमेलनात ही दोन कलमं आणि हे नियम जवानांच्या भाषेत वाचून दाखवा, घरच्यांपर्यंतही पोहोचवा. आणि सी.ओ.ने सर्वांसमोर सांगावं, 'असा फोन आला तर आधी माझ्याकडे या.' ते ऐकलेल्या जवानाला 'सी.ओ.ला कळवतो' म्हणून घाबरवता येणार नाही.