भाड्याने देण्यासाठी मिळकत : आधी हिशेब, मग दस्त

जुन्नर, मंचर, नारायणगावच्या पेठेत दोन पैसे शिल्लक पडले की व्यापाऱ्याला पुण्यात फ्लॅट घ्यावासा वाटतो. स्वतः राहायचे नाही, भाड्याने द्यायचा. हप्ता भाडेकरूच फेडील, असा समज. तो तपासून पाहू या.

कर्ज २० लाख, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षे धरा. हप्ता महिना सुमारे १८,००० रुपये, एकूण परतफेड ४३ लाखांवर. भाडे ८,००० आले तर उरलेले १०,००० दुकानाच्या गल्ल्यातून जाणार. आमच्या कापडधंद्यात लगीनसराईपूर्वी माल भरायला रोकड लागते. ती हप्त्यात अडकली की माल उधारीवर, म्हणजे महाग घ्यावा लागतो. शिवाय व्याजाचा प्रश्न आपल्यासाठी निव्वळ हिशेबाचा नाही.

माझ्या मते पहिली मिळकत आपल्याच गावात, छोटा गाळा, तोही शिराकतीत घ्यावी. तिघा भावांनी रकमा घालाव्यात, दस्तात प्रत्येकाचा हिस्सा लिहावा, भाडे त्याच प्रमाणात वाटावे. पुढे एकाने इतरांचे हिस्से सवडीने विकत घ्यावेत. तोंडी शिराकत वारसांच्या भांडणात बुडते.

व्यवहार बँकेमार्फतच करावा. मिळकतीच्या सौद्यात २०,००० किंवा अधिक रक्कम रोख घेण्यास २०१५ पासून मनाई आहे. भाडेकरारही नोंदवावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

मिळकत उशिरा झाली तरी चालेल, पण दुकान मोडून होऊ नये.