थायरॉइड नॉर्मल, तरी थायरॉइडची गोळी?

डिप्रेशनची गोळी घेणाऱ्याला आपल्याकडे हमखास दोन प्रश्न विचारले जातात. 'अजून चालूच आहे का?' आणि 'बंद कधी होणार?' अशात डॉक्टरांनी तिच्या जोडीला आणखी एक गोळी दिली तर? आणि तीसुद्धा थायरॉइडची? मग घरच्यांच्या चेहऱ्यावर जे काही उमटतं ना, ते विचारूच नका!

माझ्या एका मैत्रिणीच्या बाबतीत गेल्या वर्षी हेच झालं. हिंजवडीत नोकरी, वय एकोणतीस, पगार मस्त. पण सकाळी अंथरुणातून उठणं हाच तिचा दिवसातला सगळ्यात मोठा प्रोजेक्ट झाला होता. पहिल्या अँटिडिप्रेसंटने काही फरक पडला नाही. दुसऱ्याने थोडं सावरलं, पण गाडी निम्म्या वाटेत अडकली. तेव्हा सायकिअ‍ॅट्रिस्टने टी-थ्री सुचवलं. लगेच मला फोन. "अगं, माझा टीएसएच एकदम नॉर्मल आहे. मग ही गोळी कशाला? माझी केस हाताबाहेर गेलीय का?"

आता मी काही डॉक्टर नाही. पण प्रश्न पडला की चार ठिकाणी विचारायचं, वाचायचं, ही मास कॉमने लावलेली खोड. तर वाचल्यावर कळलं ते असं, की इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण सगळेच त्यांची खिचडी करतो.

पहिली गोष्ट आपल्याला ऐकून माहीत असते. गळ्यातली ती फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी मंदावली की माणूसही मंदावतो. थकवा, वाढतं वजन, विसरभोळेपणा, कशातच रस नाही... थोडक्यात, डिप्रेशनची जुळी बहीणच! आणि हे दुर्मीळही नाही. मुंबईसह देशातल्या आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांची थायरॉइड मंद असल्याचं दिसलं. म्हणून उदासी रेंगाळली की डॉक्टर आधी टीएसएच करायला सांगतात. तिथे गडबड निघाली तर उपचार थायरॉइडवर होतात.

दुसरी गोष्ट माझ्या मैत्रिणीची. रिपोर्ट नॉर्मल, पण अँटिडिप्रेसंट पुरेसं काम करत नाही. अशा वेळी चालू औषध बंद न करता त्याला जोड द्यायची. डॉक्टरी भाषेत ऑगमेंटेशन. आपली ग्रंथी मुख्यतः टी-फोर बनवते, शरीर त्यातून टी-थ्री तयार करतं आणि पेशींमध्ये खरं काम करतं ते हे टी-थ्री. मेंदूतही. १९६९ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात आर्थर प्रेंज आणि सहकाऱ्यांनी इमिप्रामिन या त्या काळच्या अँटिडिप्रेसंटला टी-थ्रीची जोड दिली, तर पेशंटना लवकर उतार पडू लागला. म्हणजे ही आयडिया आपल्यापेक्षा वयाने कितीतरी मोठी!

बरं, पण उपयोग किती? स्टार-डी नावाच्या मोठ्या अमेरिकन अभ्यासाचा एक भाग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन उपचार करूनही बरं न वाटलेल्या १४२ जणांपैकी काहींना लिथियमची जोड दिली, काहींना टी-थ्रीची. टी-थ्री गटातले सुमारे २५ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले, लिथियम गटातले सुमारे १६ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, असं आकडेशास्त्र सांगतं. शिवाय तुलनेला खोट्या गोळीचा गटही नव्हता. पण साइड इफेक्ट्समुळे उपचार सोडणारे टी-थ्री गटात १० टक्क्यांच्या आसपास होते आणि लिथियम गटात २३ टक्के. ही गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी.

चारातला एक. हे ऐकून मैत्रीण म्हणाली, "बस, एवढंच?" हो, एवढंच. जादू नाहीच ती. पण दोन उपाय करून थकलेल्या माणसासाठी चारातला एक म्हणजे दार अजून उघडं आहे.

तिने गोळी सुरू केली. तिसऱ्या आठवड्यात छातीत धडधड व्हायला लागली. डॉक्टरांनी डोस कमी केला, धडधड थांबली. दोन महिन्यांनी ती पूर्ण बरी झाली का? नाही. पण सकाळी स्वतःहून उठायला लागली, मित्रमैत्रिणींचे फोन घ्यायला लागली. आणि मुख्य म्हणजे, 'मी हाताबाहेर गेलेय' हे वाक्य तिच्या तोंडून गेलं.

आता महत्त्वाचं. हे वाचून कुणी आईच्या डब्यातली थायरॉइडची गोळी उचलू नका प्लीज! एक तर ती बहुधा टी-फोरची असते. आणि गरजेपेक्षा जास्त हार्मोन पोटात गेलं तर हात थरथरणं, घाम, झोप उडणं, हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि दीर्घकाळ चाललं तर हाडं ठिसूळ होणं, असं सगळं मागे लागतं. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी तर डबल काळजी घ्यायची. म्हणूनच याचा डोस मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि मधूनमधून रक्ततपासणी करतात.

तुमच्या डॉक्टरांनी अशी जोड सुचवली तर तीन प्रश्न बिनधास्त विचारा. हेच औषध का? फरक पडतोय की नाही हे किती आठवड्यांनी ठरवायचं? तपासण्या कोणत्या आणि कधी? आणि मनानेच आधीची गोळी सोडू नका. पहिलं औषध लागू पडलं नाही, यात तुमच्या इच्छाशक्तीचा काही संबंध नसतो. ब्लडप्रेशरला दुसरी गोळी लागली तर आपण काकांना 'कमकुवत' म्हणतो का?

डॉक्टरकडे जायलाच जड जात असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट, चोवीस तास आणि मराठीतसुद्धा. आणि घरात कुणी दुसरी गोळी घेत असेल, तर 'कधी बंद होणार?' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. त्याऐवजी 'आज कसं वाटतंय?' असं विचारून बघा.

भेटूच पुढच्या आठवड्यात!