मातीचे पुस्तक

संगीतावरचे पुस्तक म्हटले की वेष्टनावर तंबोरा, पाकशास्त्राचे म्हटले की मोदक! मग मातीच्या भांड्यांवरचे पुस्तक झिलईसारखे चकचकीत असावे, असे एखाद्या प्रकाशकाला वाटले तर त्यात नवल काय? चाळीस वर्षे चाकावर बसलेल्या एका कलावंत बाईंच्या ग्रंथाची मांडणी माझ्याकडे आली ती तुळतुळीत आर्ट पेपरचा नमुना बरोबर घेऊनच. बाईंनी तो दिव्याखाली धरला. "यात माझं भांडं कुठं दिसतंय? दिवाच दिसतोय," त्या म्हणाल्या.

गंमत अशी की, आर्ट पेपरचा गुळगुळीतपणा पुष्कळदा केओलिनच्या लेपाने येतो, आणि केओलिन म्हणजे चिनी माती; पोर्सेलीनची भांडी होतात तीच. प्रकाशकांनी हा मुद्दा हुकमाच्या एक्क्यासारखा माझ्यापुढे टाकला. पण बाईंची भांडी पोर्सेलीनची नव्हेत, स्टोनवेअरची; जाड, खरबरीत अंगाची. बिनलेपाचा कागद त्यांच्या जातीचा खरा, मात्र तो शाई पितो आणि चित्रे मलूल होतात. अखेर मजकुराला तो आणि चित्रांना बिनचकाकीचा मॅट कागद, अशी वाटणी ठरली.

खरा तंटा झाला तो मापावरून. ओल्या मातीचे भांडे वाळून, १२०० ते १३०० अंश सेल्सिअसच्या आचेतून बाहेर येईपर्यंत साधारण शेकडा १०-१२ ने आटते. तेव्हा ओंजळीत मावेल असा वाडगा हवा असेल, तर चाकावर तो किती मोठा ठेवायचा हा हिशेब बोटांत मुरावा लागतो. छायाचित्र या हिशेबावर पाणी ओतते. काळ्या पडद्यापुढची दोन इंची वाटी रांजणाच्या ऐटीत उभी राहते! म्हणून मी म्हटले, लहान भांडी मूळ मापात छापू. रांजण पानात मावत नाही तर त्याचा गळाच तेवढा छापू, पण बोटांचे वळ खऱ्या रुंदीचे दिसू देत. याचा अर्थ निम्मी भांडी वगळायची. "अहो, बक्षिसं मिळालेली तरी ठेवा," प्रकाशक काकुळतीला आले. बाईंनी पेन्सिल घेतली आणि पहिल्याने तीच खोडली.

बांधणीच्या वेळी इर्मा बोम या डच मांडणीकर्तीचे नाव निघालेच. २००६ साली शीला हिक्स यांच्या विणकामावरील पुस्तकाच्या कडा तिने मुद्दाम खडबडीत राखल्या, कापडाच्या काठासारख्या. तिथे ते शोभते. कागद आणि कापड दोन्ही तंतूंचीच लेकरे. मातीचे सोंग कागदाला पेलत नाही, असे आपले माझे मत. मी फक्त पुस्तकाची पाठ उघडी ठेवली, शिलाई दिसेल अशी. भांड्याच्या बुडाला झिलई लावत नाहीत, कारण ती वितळून भट्टीतल्या फळीला चिकटेल. आमच्या उघड्या पाठीलाही असेच रोकडे कारण होते : पुस्तक सपाट उघडते आणि दोन पानांवर पसरलेले चित्र मधल्या घडीत बुडत नाही.

एका रंगाने मात्र शेवटपर्यंत दाद दिली नाही. झिलईत थोडेसे लोह आणि भट्टीत प्राणवायूची टंचाई, एवढ्यावर सेलाडॉनचा तो खोल हिरवा उतरतो. छापखान्याच्या चार शायांतून तो कधी वाटाण्याचा निघे, कधी शेवाळाचा. चौथ्या प्रुफानंतर बाईंनी ते भांडे काळ्या-पांढऱ्यात छापायला सांगितले. चित्राखाली 'हिरवा' एवढाच शब्द आहे.