एका मॅट्रिक्सला पाच टेबलं? हो, पाच!

मंडळी, या वीकेंडला जरा भांडायचा मूड आहे. भांडण कुणा माणसाशी नाही, एका वाक्याशी आहे. वाक्य असं: "अरे, एवढासा डेटा आहे, एका जेसॉन फाइलीत टाक आणि मोकळा हो!"

डेटा एवढासा आहे हे शंभर टक्के मान्य. पण "मोकळा हो" हे काही पटत नाही बुवा.

आधी विषय काय ते सांगतो, नाहीतर निम्मे लोक इथेच टॅब बंद करतील. ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणजे डीएनएवर विशिष्ट जागी जाऊन बसणारं प्रोटीन. ते बसलं की शेजारचा जीन चालू होतो, बंद होतो, किंवा त्याचा आवाज कमी-जास्त होतो. आता गंमत अशी की हे प्रोटीन एकच ठरलेला शब्द शोधत नाही. त्याची आवड थोडी सैल असते. पहिल्या जागी ए हवाच, दुसऱ्या जागी सी किंवा टी चालेल, तिसऱ्या जागी काहीही चालेल, असं. म्हणून प्रयोगातून त्या प्रोटीनने पकडलेले डीएनएचे तुकडे गोळा करायचे, एकाखाली एक नीट लावायचे, आणि प्रत्येक जागेवर ए किती वेळा आला, सी किती, जी किती, टी किती हे मोजायचं. ही मतमोजणी म्हणजेच बाइंडिंग प्रोफाइल. चार ओळी, आणि प्रोफाइल जितकं लांब तितके कॉलम. सीटीसीएफ नावाच्या प्रसिद्ध प्रोटीनचं जास्पर डेटाबेसमधलं जुनं प्रोफाइल १९ जागांचं आहे, म्हणजे ७६ आकडे. संपलं!

जास्पर हे या धंद्यातलं मोठं नाव. २००४ साली १११ प्रोफाइल घेऊन सुरू झालं, आज दोन हजारांच्या पुढे गेलंय. त्याआधीपासून जर्मनीतलं ट्रान्सफॅक होतंच, पण त्याच्या पूर्ण आणि ताज्या आवृत्तीला पैसे मोजून परवाना लागतो. जास्पर पहिल्या दिवसापासून सगळ्यांना खुलं. आणि या जास्परवाल्यांनी ही चिमुकली मॅट्रिक्स चक्क रिलेशनल डेटाबेसमध्ये, पाच टेबलांत मांडली. एकात प्रोफाइलची ओळख, एकात आकडे, एकात कुठल्या प्राण्याचं ते, एकात कुठलं प्रोटीन ते, आणि एकात बाकी सगळी टिपणं. आकड्यांच्या टेबलात तर प्रत्येक खान्याला एक स्वतंत्र ओळ! प्रोफाइल कुठलं, अक्षर कुठलं, जागा कितवी, आकडा किती. म्हणजे आपल्या सीटीसीएफसाठी ७६ ओळी.

हे पाहून आमच्याकडच्या एका सीनियरने अक्षरशः कपाळाला हात लावला होता. "एका मॅट्रिक्ससाठी ७६ रो? कुणी शिकवलं यांना?"

चला, हिशोब करू. दोन हजार प्रोफाइल, सरासरी १२ जागा, गुणिले चार. ९६,००० ओळी. एक लाखसुद्धा नाहीत! आपण बँकेच्या प्रोजेक्टात एवढ्या ओळी चहा येईपर्यंत लोड करतो. म्हणजे वेगाचा मुद्दा निकालात निघाला. आता खऱ्या मुद्द्यावर येऊ, की हे आकडे बिघडतात कसे.

शाळेत आपण सगळ्यांनी काय घोकलं? ए-टी-जी-सी. जास्पर आणि बहुतेक सगळी सॉफ्टवेअर काय क्रम धरतात? ए-सी-जी-टी, अकारविल्हे. आता फाइलीत नुसते चार ॲरे टाकले आहेत, नावं नाहीत, आणि कुणीतरी शाळेतला क्रम धरून वाचले. काय होईल? काहीच नाही! एक्सेप्शन नाही, वॉर्निंग नाही. आकडे येतात, स्कोअर येतो, आलेखही छान दिसतो. याच्या पुढची मजा म्हणजे डीएनएची दुसरी बाजू. ए समोर टी, सी समोर जी. क्रम ए-सी-जी-टी असेल तर मॅट्रिक्स दोन्ही दिशांनी उलटी केली की दुसऱ्या बाजूचं प्रोफाइल आयतं मिळतं, आणि अनेक जण हीच शॉर्टकट वापरतात. शाळेतला क्रम असेल तर हीच शॉर्टकट ए च्या जागी सी आणि टी च्या जागी जी नेऊन ठेवते. हा बग सापडायला किती दिवस लागतील याचा विचार करा. कारण शोधणारा माणूस "उत्तर विचित्र आहे" असं म्हणणार कशाच्या जोरावर? खरं उत्तर कुणालाच माहीत नसतं, म्हणून तर प्रोग्रॅम लिहिला!

टेबलात प्रत्येक आकड्याच्या शेजारी त्याचं अक्षर आणि त्याची जागा लिहिलेली असते. प्रोफाइल, जागा आणि अक्षर या तिघांची मिळून प्रायमरी की लावा, आकडा ऋण नको अशी अट घाला, की अर्ध्याहून जास्त घाण दारातच अडते. अर्थात इथेही ऑर्डर बाय विसरणारे महाभाग आहेतच. डेटाबेस ओळी कुठल्या क्रमाने देईल याची त्याने कधीच हमी दिलेली नाही, आणि जागा खालीवर झालेली मॅट्रिक्ससुद्धा दिसायला एकदम वैध मॅट्रिक्सच असते. म्हणून काढताना जागेचा नंबर बघून खाना भरा, आलेल्या क्रमावर विश्वास ठेवू नका. पण यासाठी जागेचा नंबर आकड्यासोबत असायला हवा ना? तो टेबलात आहे.

आता माझं सगळ्यात मोठं दुखणं. लोक मोजणी ठेवतच नाहीत! टक्के ठेवतात, किंवा थेट लॉग काढलेले वजनाचे आकडे ठेवतात, आणि मूळ मोजणी फेकून देतात. "शेवटी स्कोअरच लागणार ना, मग आधीच काढून ठेवू."

सोसायटीच्या मीटिंगला २० जण आले आणि १८ जणांनी हात वर केला, हे ९० टक्के. वॉर्डात २०० जणांना विचारलं आणि १८० हो म्हणाले, हेही ९० टक्के. दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवाल का तुम्ही?

हेच इथे आकड्यांत बघा. एका जागेवर २० तुकडे. ए १८, सी १, जी १, टी शून्य. स्कोअर काढायला लॉग लागतो आणि शून्याचा लॉग निघत नाही. म्हणून प्रत्येक खान्यात थोडंसं कृत्रिम वजन घालतात, त्याला स्यूडोकाउंट म्हणतात. एकूण १ वजन चौघांत सारखं वाटलं, चारही अक्षरं जीनोममध्ये सारखीच येतात असं धरलं, तर टी चा स्कोअर येतो उणे ४.३९. काही लोक १ च्या ऐवजी एकूण तुकड्यांचं वर्गमूळ घेतात, इथे ४.४७. तसं केलं तर त्याच टी चा स्कोअर उणे २.४५. आता तुकडे २०० करा. १८०, १०, १०, शून्य. टक्के तेच. पहिल्या पद्धतीने टी चा स्कोअर उणे ७.६५! म्हणजे "इथे टी अजिबात चालत नाही" हे आपण किती ठामपणे म्हणू शकतो ते मूळ मोजणीत आहे, टक्क्यांत नाही. ज्याने ९०-५-५-० एवढंच साठवलं त्याने ही माहिती कायमची घालवली. कितीही क्लाउड लावा, परत येणार नाही.

आणि "चारही अक्षरं सारखीच येतात" हे गृहीतक तरी कुठे सगळीकडे खरं आहे? मलेरियाचा फॅल्सिपेरम परजीवी घ्या. त्याच्या जीनोममध्ये ए आणि टी मिळून साधारण ८० टक्के. सारख्या वाटणीत ९० टक्के ए चा स्कोअर १.८५ येतो, त्या परजीवीत १.१७. ए तिथे जागोजागी सापडतो, मग तो सापडल्याचं कौतुक कमीच असणार! म्हणजे स्कोअर हा प्रोफाइलचा गुणधर्म नाहीच. तो प्रोफाइल, जीनोम आणि तुमची पद्धत या तिघांचा मिळून आहे. साठवायची ती मोजणी, स्कोअर काढायचा वापराच्या वेळी. वाण्याच्या दुकानातसुद्धा वही रोजच्या नोंदींची असते, नफा नंतर काढतात.

एका अक्षराने काय एवढं बिघडतं, असं कुणी विचारेल. डफी नावाच्या रक्तगटाचं उदाहरण घ्या. लाल पेशींवर डफी प्रोटीन बनवायला गाटा-१ नावाचा फॅक्टर एका जागी बसावा लागतो. आफ्रिकेतल्या बहुसंख्य लोकांत त्या जागेवर टी ऐवजी सी आहे, फक्त एक अक्षर. गाटा-१ बसत नाही, लाल पेशीवर डफी येत नाही, आणि व्हायवॅक्स मलेरियाच्या परजीवीला आत शिरायचं दारच जवळपास बंद होतं. १९९५ साली हे दाखवलं गेलं. आज पेशंटच्या जीनोममध्ये असा एखादा बदल सापडला की पहिला अंदाज घ्यायला याच मॅट्रिक्स वापरल्या जातात. तिथे क्रम चुकलेला किंवा मोजणी हरवलेला डेटा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

पुढचा मुद्दा ओळखीचा. नाव म्हणजे ओळख नव्हे हे आपल्या धंद्यात पहिल्या वर्षी कळतं, जीवशास्त्रात मात्र अजून नावावरच जोर. स्टेम सेलवाल्यांचा लाडका ऑक्ट-४ घ्या. अधिकृत नाव पीओयू५एफ१, आणि टोपणनाव एक्सेलमध्ये टाकलं की ४ ऑक्टोबर! (विनोद नाही. असल्या एक्सेलच्या प्रतापांना कंटाळून जीनांना नावं देणाऱ्या समितीने २०२० पर्यंत काही जीनांची नावंच बदलून टाकली.) काही प्रोफाइल तर एका प्रोटीनची नसतातच. मिक आणि मॅक्स जोडीने डीएनएवर बसतात, प्रोफाइल त्या जोडीचं. जेसॉनवाले काय करतात? प्रोटीनच्या फील्डमध्ये दोन नावं स्वल्पविराम देऊन. अरे देवा! वेगळं टेबल असेल तर "मिक जिथे जिथे आहे ती सगळी प्रोफाइल दे, फक्त माणसाची" हा एक साधा जॉइन आहे. स्वल्पविराम असेल तर लाइक लावून बसा, आणि मिक शोधताना एन-मिकही गोळा करा.

जास्परने प्रोफाइलला दिलेली ओळख मला मनापासून आवडते. एमए०१३९.१. टिंबाच्या आधीचा भाग म्हणजे कुठलं प्रोफाइल, नंतरचा म्हणजे कितवी आवृत्ती. नवा प्रयोग आला, चांगली मोजणी मिळाली, की जुनी ओळ खोडत नाहीत, नवी घालतात. टेबलात हे दोन वेगळे कॉलम आहेत, म्हणून "ताजी द्या" हीसुद्धा एक क्वेरी आणि "२०१८ साली जी वापरली तीच द्या" हीसुद्धा एक क्वेरी. २०२४ च्या जास्परमध्ये बऱ्याच प्रोफाइलांच्या कडेच्या, फारशी माहिती नसलेल्या जागा छाटल्या गेल्या. प्रोफाइल आखूड झालं की मिळू शकणारा कमाल स्कोअर बदलतो, मग कालपर्यंतचा थ्रेशोल्डही गेला. ज्याच्या फाइलीचं नाव नुसतं "सीटीसीएफ-फायनल-२" आहे त्याने आता छातीवर हात ठेवून सांगावं की गेल्या वर्षीचा निकाल कुठल्या मॅट्रिक्सवर काढला होता!

आता रिलेशनलच्या आंधळ्या भक्तांनाही दोन शब्द. एका खान्याला एक ओळ हे मी स्वतः केलं नसतं. अक्षरं चारच, ती बदलत नाहीत, बदलते ती लांबी. मग एका जागेला एक ओळ आणि ए, सी, जी, टी असे चार कॉलम हे मला जास्त सरळ वाटतं. सीटीसीएफ १९ ओळींत मावतं, आणि एकूण बेरीज तपासायलाही सोपं. हां, मिथाइल लागलेल्या सी ला वेगळं अक्षर मानणारेही लोक आहेत, त्यांच्याकडे पाचवं-सहावं अक्षर आलं की माझं डिझाइन बोंबलतं आणि जास्परवाले हसतात. दुसरं, कृपा करून स्कॅनिंग एसक्यूएलमध्ये करू नका. माणसाचा जीनोम सुमारे ३०० कोटी अक्षरांचा, तो दोन्ही बाजूंनी वाचायचा. असली क्वेरी लिहिणाऱ्यांचे पराक्रम मी ऐकलेत, सर्व्हर बिचारा रविवारभर तापत होता म्हणे. मॅट्रिक्स काढा, मेमरीत घ्या, सी किंवा पायथनमध्ये पळवा. डेटाबेसचं काम तिथे संपलं.

राहिला शेवटचा आक्षेप, "सर्व्हर कोण सांभाळणार?" कुणीच नाही! एसक्यूलाइट म्हणजे एकच फाइल, पेन ड्राइव्हवर मावते, आणि जास्परसुद्धा आपला डेटा त्या रूपात देतं. फाइलच हवी होती ना? ही घ्या फाइल. फक्त हिच्या आत टेबलं आहेत, की आहे, अटी आहेत.

थ्रेशोल्ड किती ठेवायचा हा एक वेगळाच तमाशा आहे. ८० टक्के, ८५ टक्के, ज्याच्या मनाला येईल तो आकडा. त्यांची बिनपाण्याने पुढच्या शनिवारी.