डॉक्टरांची गाडी

नवी मोटार घेणारा माणूस आणि जुनी मोटार घेणारा माणूस यांच्यात एक मोठा फरक असतो. नवी घेणारा आपल्या हातावर पेढा ठेवून गाडीचे गुण सांगतो. जुनी घेणारा गाडीबद्दल फारसे बोलत नाही. व्यापाऱ्याला कसे खाली आणले, ते सांगतो. "पाच मागत होता. मी म्हटलं, चार साठ. घाम फुटला त्याला! शेवटी दिलीच." हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर असे तेज असते, की सिंहगड जणू आताच सर होऊन हाती आला आहे.

माझ्या परिचयात जुनी मोटार घेतलेली दहा-बारा कुटुंबे आहेत. त्यांतल्या एकानेही सांगितलेला भाव दिलेला नाही. कोणी तीस हजार कमी करून घेतले, कोणी साठ. यावरून असा निष्कर्ष निघावा, की जुन्या मोटारींचा धंदा करणारी मंडळी एव्हाना भिकेस लागली असतील. पण आमच्या रस्त्यावरची त्यांची पत्र्याची शेड दर दोन वर्षांनी वाढते आणि दिवाळीत तिच्यावर झेंडूच्या जितक्या माळा लागतात, तितक्या आमच्या साऱ्या आळीत मिळून लागत नाहीत. म्हणजे कुठेतरी हिशेब चुकतो आहे. मराठी शिकवणाऱ्याने हिशेबात पडू नये, हे मान्य. पण घोटाळा मुळात एका मराठी शब्दाचाच आहे, म्हणून हे धाडस.

तो शब्द म्हणजे 'भाव'. आपल्या भाषेने देवापाशी लागणारा भाव आणि दुकानात विचारायचा भाव यांना एकच शब्द दिला. आपण भाव करतो, समोरचा भाव खातो, आणि सौदा झाल्यावर घरी येऊन आपण ज्या श्रद्धेने "स्वस्तात मिळाली" म्हणतो, तो भाव पहिल्या प्रकारचा असतो. त्याला पुरावा लागत नाही.

जुन्या वस्तूचा भाव करण्याची विद्या आपल्याकडे मोटारीच्या पुष्कळ आधीची आहे. ती गुरांच्या बाजारात वाढली. तिथे हेडी आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालत आणि बोटे दाबून भाव सांगत. भोवती पन्नास माणसे उभी असली, तरी भाव दोघांनाच कळायचा. धान्याच्या बाजारातही ही 'हत्ता' पद्धत चाले. शेतकऱ्याचे त्यात नुकसान होते, म्हणून पुढे बाजार समित्या आल्या आणि उघड लिलाव आला. मोटारींच्या बाजारात मात्र तो रुमाल अजून पसरलेलाच आहे, फक्त दिसत नाही. बैलाचे निदान दात तरी पाहता येत. दुसा, चौसा की जुळलेला, हे जाणत्याला तोंड उघडताच कळे, आणि बैलाचे दात मागे फिरवण्याची युक्ती कोणाला साधली नव्हती. मोटारीचा मीटर मात्र मागे फिरतो. नव्वद हजार किलोमीटर धावलेली गाडी एका दुपारी चाळीस हजारांची होऊ शकते.

शिवाय ती गाडी नेहमी डॉक्टरांची असते. हे मला कधी उलगडलेले नाही. शेडमध्ये उभ्या असलेल्या कोणत्याही गाडीबद्दल विचारा, "साहेब, डॉक्टरची गाडी आहे. घर ते दवाखाना, बस्स!" असेच उत्तर येते. या शहरातले इतके डॉक्टर आपल्या गाड्या सतत विकत असतील, तर रोग्यांकडे पाहायला त्यांना वेळ केव्हा मिळतो? प्राध्यापकांची गाडी असे कोणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. तिला गिऱ्हाईक मिळत नसावे.

गेल्या वर्षी आमच्या शेजाऱ्यांनी गाडी घ्यायचे ठरवले. मराठीचा माणूस बरोबर असला म्हणजे बोलणी चांगली होतात, अशा समजुतीने त्यांनी मला सोबत नेले. वहिनीही आल्या. गाडी सहा वर्षांची, पांढरी आणि अर्थात डॉक्टरांची होती. व्यापाऱ्याने चार लाख पंचाण्णव हजार सांगितले. शेजाऱ्यांनी चार सांगितले. मग नेहमीचे नाटक सुरू झाले. व्यापारी दुखावला, शेजारी उठले, व्यापाऱ्याने त्यांना बसवले, चहा सांगितला. मी मध्ये मध्ये "बरोबर आहे" असे दोघांनाही म्हणत होतो.

वहिनी तेवढ्या वेळात गाडीभोवती फिरून आल्या आणि म्हणाल्या, "पुढचे टायर तेवीस एकोणीसचे आहेत हो."

व्यापारी बोलायचा थांबला. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. म्हणजे टायर अजून मूळचेच होते. वहिनींना हे त्यांच्या भाच्याने शिकवले होते. एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. "सर्व्हिसिंग कुठं केलं? तिथं किलोमीटरची नोंद असेल ना? विम्याचा क्लेम कधी घेतलाय का? बँकेचा बोजा उतरलाय का?" असे एकेक विचारत गेल्या. किती कमी करता, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. सौदा चार साठला ठरला, पण दोन नवे टायर आणि नाव बदलून देण्याची जबाबदारी व्यापाऱ्याकडे, हे दोन्ही कागदावर लिहून घेऊनच.

सौदा ठरल्यावर व्यापारी मोकळा झाला. "वहिनी, तुमच्यासारखं गिऱ्हाईक रोज आलं तर दुकान बंद करावं लागेल," असे म्हणून त्याने एका बिलाच्या पाठीवर हिशेब मांडून दाखवला. गाडी घेतली तीन लाख ऐंशी हजारांना, म्हणजे वरकड ऐंशी हजार. त्यातून डेंटिंग-पेंटिंग, सर्व्हिसिंग आणि आमचे टायर मिळून सव्वीस हजार गेले. गाडी आणून देणाऱ्या एजंटाचे पाच हजार. अडकलेल्या पैशांचे अडीच महिन्यांचे व्याज साडेनऊ हजार. जागेचे भाडे, रखवालदार आणि पोरांचे पगार यांतला या गाडीचा वाटा आठ हजार. आणि सरकारचे चौदा हजार चारशे.

हा शेवटचा आकडा समजून घेण्याजोगा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यावर सरसकट १८ टक्के कर ठरला. "पाच लाखांच्या गाडीवर नव्वद हजार कर!" अशी हाकाटी तेव्हा पुष्कळ झाली. ती खरी नव्हती. कर गाडीच्या किमतीवर नाही, व्यापाऱ्याच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर आहे. फरक ऐंशी हजार, तर कर चौदा हजार चारशे. दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा होत नाही. तोटा झाला तर कर नाही. आणि तुम्ही-आम्ही आपली घरची गाडी परस्पर विकली, तर त्यावर हा कर मुळीच नाही.

सगळे वजा जाता सतरा हजार शंभर उरले. हा हिशेब आपण खरा मानू. कर्ज करून दिल्याबद्दल बँकेकडून आणि विमा उतरवून दिल्याबद्दल विमा कंपनीकडून त्याला जे मिळते, ते त्याने त्या बिलावर लिहिले नाही, एवढे मात्र माझ्या लक्षात आले.

नफा चारचौघांत सांगण्याची रीत आपल्या व्यापाऱ्यांत नाही. अमेरिकेत कारमॅक्स नावाची कंपनी १९९३ पासून जुन्या मोटारी विकते. तिथे एकच भाव असतो, घासाघीस नाही. शेअर बाजारातली कंपनी असल्यामुळे तिला आकडे जाहीर करावे लागतात. अलीकडच्या वर्षांत तिला एका मोटारीमागे ढोबळ नफा साधारण २,२०० ते २,३०० डॉलर मिळतो. हा विक्रीच्या किमतीच्या शेकडा आठ-नऊ झाला, आणि त्यातून पगार, जाहिराती, व्याज अजून जायचे असते. म्हणजे घासाघीस बंद केली, तरी व्यापाऱ्याचा वाटा नाहीसा होत नाही. तो फक्त सर्वांकडून सारखा घेतला जातो. आपल्याकडे बोलका कमी देतो आणि भिडस्त जास्त देतो. आणि बोलक्याने कमी केलेले पस्तीस हजार मुळात कमी करण्यासाठीच वर चढवलेले असतात.

या धंद्यातले जाणते लोक सांगतात, की नफा गाडी विकताना होत नाही, घेताना होतो. चार साठवर आम्ही जी झुंज दिली, ती शेवटच्या पाच-दहा हजारांची. खरा सौदा त्या तीन ऐंशीला आधीच झाला होता. कोणाची तरी बदली झाली असेल, कोणाचे हप्ते थकले असतील, कोणी नव्या गाडीची नोंदणी करून जुनी त्याच दुकानात देऊन टाकली असेल. नव्या गाडीवर 'एक्स्चेंज बोनस' मिळाला या आनंदात जुनीची किंमत किती धरली, हे पाहायचे राहून जाते. विकणारा घाईत असतो आणि घेणारा अंधारात असतो. व्यापारी या दोघांच्या मधोमध उभा असतो, आणि त्याच्याकडे वेळही असतो आणि दिवाही.

हा अंधार अर्थशास्त्राच्या एका प्रसिद्ध निबंधाचा विषय झाला. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिले. तीन नियतकालिकांनी निबंध परत केला, १९७० साली चौथ्याने छापला, आणि २००१ साली त्यांना स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत खराब निघालेल्या मोटारीला 'लिंबू' म्हणतात. आपण लिंबू गाडीच्या पुढे बांधतो, ते अख्ख्या गाडीलाच म्हणतात, एवढाच फरक. अकरलॉफ यांचे म्हणणे थोडक्यात असे: गाडी चांगली की लिंबू, हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, मी नाही विकत. चांगल्या गाड्या बाजारातून निघून गेल्या, की उरलेल्यांत लिंबे जास्त होतात. मग भाव आणखी उतरतो आणि आणखी बऱ्या गाड्या निघून जातात. लबाडी एकाने केली, तरी दंड प्रामाणिक विकणाऱ्यालाही बसतो.

याच निबंधात भारतातल्या गृहिणीचा उल्लेख आहे. बाजारातून आणलेल्या तांदळातले मुद्दाम मिसळलेले, तांदळासारखेच दिसणारे खडे ती निवडत बसते, असा. हे वाचले तेव्हा मला टायरचे आकडे वाचणाऱ्या वहिनी आठवल्या. व्यापाऱ्याला आपण वरकड देतो, ती खडे निवडण्याची मजुरी आहे. त्याने खरोखर निवडले असतील आणि तसे लिहून देत असेल, तर ती महाग नाही. निवडले नसतील, तर चाळीस हजार कमी करूनही गाडी महागच.

आणि घेणाऱ्याइतकेच विकणाऱ्यानेही जागे राहायला हवे. गाडी दिली, पैसे मिळाले, म्हणजे संबंध संपला असे आपण धरतो. कायदा तसे धरत नाही. २००९ साली एक अपघात झाला. ती गाडी मूळ मालकाने पूर्वीच विकली होती आणि ती पुढे हातोहात गेली होती, पण पुस्तकात नाव त्याचेच राहिले होते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावे, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची रीतसर सूचना झाली की तोच मालक समजला जावा, असा नियम आला आहे. गाडी शेडमध्ये सोडून येताना ती सूचना झाल्याशिवाय घरी येऊ नये. भावात दोन हजार सुटले तर चालतील, हे सुटून चालणार नाही.

पण या सगळ्या व्यवहारात मला खटकते ते वेगळेच. शेडमधल्या त्या गाड्या व्यापाऱ्याने कारखान्यात बनवलेल्या नसतात. त्या आपल्यासारख्याच सभ्य घरांतून आलेल्या असतात. गिअर अडकतो, थंडीत इंजिन घरघरते, पावसाळ्यात मागच्या सीटखाली पाणी साचते, हे सारे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. गाडी पाहायला गिऱ्हाईक आले, की त्या पोराला आत खेळायला पाठवतात. तांदळात पहिला खडा इथे पडतो. व्यापारी लबाड, हे आपण मोठ्याने म्हणतो. त्याला लबाडीचा कच्चा माल कोण पुरवतो, ते मनातही म्हणत नाही.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक याला अपवाद निघाले. त्यांनी गाडी बारा वर्षे वापरली आणि एका वहीत सगळे लिहून ठेवले. केव्हा काय बदलले, किती पैसे गेले, कुठे घासली, सगळे. गाडी पाहायला एक तरुण जोडपे आले, तेव्हा त्यांनी चावीच्या आधी वही पुढे केली. क्लच आणखी वर्षभर टिकेल, पुढे बदलावा लागेल, हेही सांगितले आणि तो खर्च धरूनच किंमत सांगितली. त्या मुलाने वही चाळली, बायकोकडे पाहिले आणि काही न बोलता सांगितलेली रक्कम मान्य केली.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मुख्याध्यापकांच्या सौभाग्यवती बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "एका शब्दानं भाव केला नाही त्यांनी. म्हणजे तुम्ही कमीच सांगितलेत!"