भाकरी सोडली, पेग धरला

आमच्या टेबलावरचा एक मित्र तीन महिने लो-कार्बवर आहे. परमिट रूममध्ये तंदुरी सुरमई मागवतो, रोटी परत पाठवतो आणि व्हिस्कीचे दोन लार्ज सोडा-पाण्यातून घेतो. ‘व्हिस्कीत कार्ब शून्य!’ हा त्याचा मंत्र.

मंत्र खोटा नाही. ऊर्ध्वपातनात साखर मागेच राहते. व्हिस्की, जिन, आपली काजूची फेणी, अगदी उसाच्या मळीची रमही याच पंक्तीतली. म्हणून ‘दारू म्हणजे साखरच’ असं दटावणाऱ्या घरच्या मंडळींची बाजूही मला घेता येत नाही. मद्यार्काची शरीरात साखर होत नाही.

पण म्हणून तो फुकटात पडतो? एका ग्रॅमला ७ कॅलरी. ४२.८ टक्क्यांच्या दोन लार्जमध्ये, म्हणजे १२० मिलिलिटरमध्ये, साधारण ४० ग्रॅम मद्यार्क. झाल्या २८० कॅलरी. ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी २००च्या आसपास. गड्याने एक भाकरी सोडली आणि जवळजवळ दीड भाकरी प्यायला. शिवाय मद्यार्क साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे यकृत आधी त्याचा निकाल लावतं. तोवर चरबी जाळायचं काम रेंगाळतं. ज्यासाठी भाकरी सोडली, नेमकं तेच!

याहून वाईट गोष्ट मधुमेहींची. मद्यार्काचा निकाल लावताना यकृताचं नवी साखर तयार करणंही मंदावतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू, कार्ब तोडलेले आणि पोट रिकामं, अशा माणसाची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम फुटतो, जीभ अडखळते, आणि टेबलावरचे म्हणतात, ‘चढली रे याला!’

मित्र विल्यम बँटिंगचाही दाखला देतो. लंडनच्या या गृहस्थाने १८६३ साली आपल्या पथ्याची पुस्तिका काढली. बिअर, पोर्ट, शॅम्पेन वर्ज्य. क्लॅरेट मात्र चालू, आणि तरी वजन उतरलं. मान्य. पण ते पेले मोजून घेतलेले होते आणि पथ्य एका माणसाचं होतं. शिवाय प्रश्न वजनापुरता नाही: मद्याची कोणतीच मात्रा निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं आहे.

मग बंदी घालू? मुळीच नाही. न पिणाऱ्याने आहाराच्या नावाने सुरुवात करू नये, एवढंच. पिणाऱ्याने जेवणासोबत, पाण्यातून किंवा सोड्यातून, एखादा पेग मजेसाठी घ्यावा आणि तो खाल्ल्याच्या हिशेबात मांडावा. गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं. रममध्ये कोला ओतला की ३०० मिलिलिटरला ३० ग्रॅम साखर आलीच. आणि चकण्याकडे लक्ष असू द्यावं: पहिल्या पेगला रोटी परत पाठवणारा हात दुसऱ्याला चकलीच्या बशीत असतो.

तीन महिन्यांत मित्राचा काटा जागचा हललेला नाही. परवा त्याने सुरमईच्या मसाल्यातल्या बेसनावर संशय घेतला.