दोष भाताचा नव्हे



‘गॅस होतो? भात सोडा’ हा आपल्या पत्रलेखकाचा सल्ला आम्हा धानाच्या जिल्ह्यातल्यांना पटणारा नाही. तांदळातला स्टार्च बहुतांशी लहान आतड्यातच पचतो. वायू व्हायला मागे फारसे उरत नाही. उलट गव्हातल्या फ्रुक्टान या न पचणाऱ्या कर्बोदकाने काहींचे पोट फुगते. खरी अडचण पांढऱ्याशुभ्र पॉलिशची: कोंडा गिरणीतच राहतो, चोथा जातो, मग बद्धकोष्ठता. म्हणून कमी पॉलिशचा तांदूळ घ्यावा, जोडीला पालेभाजी. वायू कमी व्हावा म्हणून चणा-वाटाणा रात्रभर भिजवून ते पाणी फेकावे. लाखोळीच्या डाळीत तर पाण्यात उतरणारे विषारी द्रव्य असते, म्हणून तिच्या बाबतीत हे सक्तीचेच समजा. मात्र शौचातून रक्त जात असेल किंवा वजन विनाकारण घटत असेल, तर घरगुती उपाय बंद करून डॉक्टरांना दाखवावे.

– एक वाचक, नागरा (जि. गोंदिया)